चार मैदानांचं गवत

माझा बाप, इलटिड प्रोथेरो,
वेल्सकडून चार सामने खेळला
आणि चारांतला एकही त्याने पाहिला नाही.
स्क्रममध्ये पहिल्या फळीत, डावीकडे,
मान मुडपून जो उभा असतो
त्याला दिसतं ते गवत.
गवत, समोरच्याचे बूट, आपल्याच तोंडाची वाफ.

डब्लिनचं बुळबुळीत, म्हणायचा, मासळीसारखं.
एडिंबराचं रात्रीच्या हिमाने दात फुटलेलं.
पॅरिसचं गोड. खरंच गोड. तोंडात गेलं होतं.
कार्डिफचं विचारलं की गप्प व्हायचा
आणि उजवा कान चोळायचा,
मळलेल्या कणकेत कुणी अंगठा दाबावा
तसा तो कान.

पेपरात फोटो यायचे कडेने पळणाऱ्या पोरांचे.
मागे कुठेतरी चिखलाचा ढीग,
त्यातला एक गुडघा आपल्या इलटिडचा,
असं आजी छातीठोक सांगायची.

मग एका रात्री मागच्या दाराने दोघे आले.
लांब कोट, यॉर्कशरचे उच्चार.
स्वयंपाकघराच्या टेबलावर नोटा मोजल्या.
आजीने त्यांवर चहाची किटली ठेवली, उकळती;
वरच्या नोटेला गोल डाग पडला.
माडीवर आजोबा खोकत होते,
खाणीने छातीत भरून दिलेला कोळसा
चमचा चमचा परत करत होते.
पेन घरात नव्हतं. त्यांचंच घेतलं.

हौशी खेळात पैसा म्हणजे विटाळ.
पैशासाठी उत्तरेला गेला तो मेला.
गावाने वाळीत टाकलं असं नाही म्हणणार मी.
दुकानात उधारी चालू राहिली,
चॅपलमध्ये बाकावर जागा राहिली,
फक्त क्लबची पायरी चढायची नाही.
तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्यात.

माझा जन्म तिकडचा, हॅलिफॅक्सचा.
परत आलो तेव्हा मी सात वर्षांची
आणि त्याचा डावा गुडघा सत्तरीचा.
शाळेत शिपाई झाला.
शनिवारी पहाटे पोरांच्या मैदानावर
चुन्याच्या रेघा ओढायचा, दोरी न लावता, सरळ.
दुपारी क्लबच्या भिंतीबाहेर बसथांब्यावर उभा.
आतून आरडाओरडा. बस यायची, थांबायची, जायची.
पुढे पुढे ड्रायव्हर मडॉक थांबेनासा झाला,
नुसता हात करायचा.

मखमली टोपी बिस्किटांच्या डब्यात होती.
तिचा सोनेरी गोंडा मी लहानपणी तोडला,
बाहुलीला वेणी हवी होती.
तो कधी काही बोलला नाही. मीही नाही.

नियम बदलला तेव्हा माझे केस पिकू लागले होते.
क्लबचा सेक्रेटरी आला, दारात उभा राहून म्हणाला,
इलटिड, झालं गेलं.
बाप म्हणाला, दोरीवर कपडे आहेत,
पाऊस येईलसं दिसतं.
दोरीवर काही नव्हतं.
पाऊस मात्र आला.

आता तो डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात.
डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं डोक्याला डोकं,
काहीतरी सैल होणारच.
माझं नाव त्याला कधी असतं, कधी नसतं.

काल खुर्चीतून उठवायला मेरेरिड वाकली,
नवी पोरगी, हात अजून थंड.
त्याने तिच्या काखेखालून हात घातला,
गणवेश मुठीत धरला, मान मुडपली,
आणि सोडेना.
ती घाबरली. मी दुसऱ्या बाजूला गेले
आणि धरलं. कुणी शिकवलं नव्हतं.
तिघांचा श्वास एकात. खाली गालिचा,
हिरवा, पायांनी विटलेला.
बराच वेळ तो त्याच्याकडे बघत होता,
हे कुठलं, ते ठरवत असावा.

मग वेल्शमध्ये विचारलं, चेंडू कुणाचा?
मी माझ्या मोडक्या, उशिरा शिकलेल्या वेल्शमध्ये
म्हटलं, आपला.

मग रेटत का नाहीस, म्हणाला.